आमटीतलं पॅटिस

सुहासिनीच्या हाताला चव नाही, हा निकाल लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगलीला लागला होता आणि त्यावर अपील नव्हतं. निकाल देणाऱ्या वसुधाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई. त्या ओरडल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. नव्या सुनेनं केलेल्या आमटीचा एक भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "शिकेल." झालं! त्यानंतर नवऱ्याला, श्रीरंगला, न्यू जर्सीत केमिकल इंजिनिअरची नोकरी लागली, वेस्ट विंडसरला घर झालं, विनीता झाली, ती शाळेत जाऊन इंग्रजीत भांडायलाही लागली. पण ते "शिकेल" काही सुहासिनीच्या कानातून गेलं नाही.

बाकी ती कशात कमी नव्हती. बॉटनीची एम.एस्सी. होती, लायब्ररीत नोकरी करत होती, आणि रूट वनवर ट्रकांच्या मधून गाडी अशी काढायची की शेजारी बसलेला श्रीरंग डोळे मिटून घ्यायचा. पण पातेल्यापुढे उभी राहिली की तिचा हात कचरायचा. मीठ पुरे की अजून घालू, गूळ जास्त तर नाही ना झाला, असं करत करत ती जे काही शिजवायची त्यात सगळं असायचं आणि कशाचीच चव नसायची. श्रीरंग मुकाट्यानं खायचा. नवऱ्यांच्या मुकाट्यानं खाण्याला बायका प्रेम समजतात. कित्येकदा ते फक्त पेपरात लक्ष असणं असतं.

१९८६च्या जूनमध्ये वसुधाबाई सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा सुहासिनीनं मनाशी पक्कं ठरवलं: या मुक्कामात त्यांच्या तोंडून एकदा तरी "छान झालंय" वदवून घ्यायचं. मागणी काही फार मोठी नव्हती. लोक अमेरिकेत येऊन काय काय मिळवतात, हिला दोन शब्द हवे होते.

पहिल्या जेवणाला वसुधाबाई म्हणाल्या, "प्रवासानं माझ्या तोंडाची चव गेलीय." हा मोठेपणा झाला. दुसऱ्या दिवशी प्रवासाची सबब शिल्लक नव्हती, म्हणून त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्या स्वतः मात्र ओट्याकडे फिरकत नव्हत्या. सुनेच्या घरात तिच्या चुलीला हात लावायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. चेहऱ्याबाबत तसं काही तत्त्व नव्हतं, त्यामुळे जे म्हणायचं ते सगळं चेहरा म्हणत असे.

त्याच आठवड्यात एका दुपारी सुहासिनीनं फोडणीची कढली शेगडीवर ठेवली आणि तेल तापेपर्यंत सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. विजेच्या शेगडीचं ते वेटोळं लालबुंद झालेलं, आणि तेलानं धपकन पेट घेतला. छतावरचा अलार्म किंचाळायला लागला, वसुधाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवून रामनाम सुरू केलं, आणि एम.एस्सी. झालेल्या सुहासिनीनं नळाखाली तांब्या धरला.

"नो! नो वॉटर!"

मागच्या दारानं एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई हातात पातेल्याचं झाकण घेऊन आत घुसली. तिनं सुहासिनीच्या हातावर चापट मारून तांब्या सिंकमध्ये पाडला, झाकण कडेकडेनं सरकवत कढलीवर बसवलं, शेगडी बंद केली आणि खिडकी उघडली. मग ती वळली. "पेटत्या तेलावर पाणी? यू वॉन्ट टू बी माय पेशंट?"

ही शेजारची लुझविमिंडा. सगळे तिला लुझ म्हणत. मनिलाजवळच्या कुठल्याशा गावाहून आलेली नर्स, आणि नोकरी हॉस्पिटलच्या बर्न वॉर्डात. भाजलेली माणसं रोज बघून तिला जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांचा संशय यायचा. सुहासिनी हे नाव तिच्या तोंडात मावेना, म्हणून तिनं त्याची सुसी केली, आणि सुसीला माणसात आणण्याचं काम आपल्याकडे घेतलं.

त्या दिवसापासून लुझ ड्यूटीवर जाता-येता डोकावायची. तव्याचा दांडा बाहेर दिसला की आत वळवायची. सुरी ओल्या फडक्यावर दिसली की ओरडायची. तळणीत टाकायची वस्तू आधी टिपून कोरडी कर, लसूण तेल थंड असतानाच घाल म्हणजे करपणार नाही, व्हिनेगर घातलंस तर उकळी येईपर्यंत ढवळू नकोस. भाताला पाणी किती, तर तांदळाच्या थरावर बोट टेकव, पहिल्या पेराला पाणी लागलं की पुरे. तिच्या देशात म्हणे याच पेरावर सगळं राष्ट्र जेवतं. सुहासिनीनं करून पाहिलं, आणि तिचा भात आयुष्यात पहिल्यांदा मोकळा झाला. वसुधाबाईंनी भात चिवडून बघितला. म्हणाल्या, "तांदूळ बरा दिसतोय इथला."

म्हणजे श्रेय तांदळाला!

सुहासिनी चिडली, पण लुझपुढेच चिडली. लुझनं झाकण काढून आमटी चाखली आणि तिचे डोळे चमकले. "सुसी, हे तर आमचं सिनिगांग! चिंचेचं आंबट सूप, आम्ही घरोघरी करतो. पण यात पातिस कुठाय? पातिसशिवाय कशी चव येणार?"

"पॅटिस?" सुहासिनी म्हणाली. "आमटीत?"

"पातिस! मिठाच्या ऐवजी. थांब."

लुझ घरी पळाली आणि अस्वलाच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली घेऊन आली. मधाची रिकामी बाटली; तीत तपकिरी, पातळ पाणी भरलेलं होतं. काचेच्या बाटल्या शेगडीजवळ ठेवायच्या नाहीत हा तिचाच नियम, म्हणून मोठ्या बाटलीतलं तिनं अस्वलात काढून ठेवलेलं.

आता सुहासिनीच्या डोक्यात काय झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर तिला लोक उगाच मूर्ख म्हणतील. लुझ पातिस म्हणत होती हे तिला ऐकू आलं होतं. पण जी बाई सुहासिनीला सुसी म्हणते तिच्या उच्चारांवर किती विसंबायचं? आणि पॅटिस म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? बटाटा येतो. उपवासाचं पॅटिस तर एकादशीलासुद्धा चालतं. पॅटिसांना लावायचं सोयाबीनचं काहीतरी आंबवलेलं पाणी असावं, असा तिनं हिशेब केला. वास जरा उग्र होता, पण बॉटनीच्या माणसाला आंबवण्याचे वास नवे नसतात. तरीसुद्धा तिनं विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं, "यात मीट नाही ना? आम्ही प्युअर व्हेजिटेरियन आहोत."

लुझनं छातीवर हात ठेवला. "नो मीट! गुड फ्रायडेलासुद्धा खातो आम्ही."

गुड फ्रायडेचा उपवास आणि त्याला चालणारं पॅटिस. सुहासिनीचा जीव भांड्यात पडला, आणि अस्वलातलं पाणी पातेल्यात पडलं.

रात्रीच्या जेवणाला वसुधाबाईंनी आमटीचा भुरका घेतला आणि थांबल्या. आणखी एक घेतला. मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली, जे त्या स्वतःच्या घरीही कधी करत नसत. विनीता नाक वर करून म्हणाली, "आजी, इट स्मेल्स लाइक लुझ आंटीज हाउस." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वसुधाबाईंनी दुसरी वाटी संपवली, पदरानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "छान झालीय हो आमटी."

सुहासिनी मीठ आणायच्या निमित्तानं उठली आणि पॅन्ट्रीत जाऊन रडली. भांडंभर दूध सांडलं तरी न रडणारी बाई, तांदळाच्या पोत्यावर बसून दोन शब्दांसाठी रडली.

त्यानंतर तो उन्हाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा गेला. आमटीत पॅटिस, भाजीत पॅटिस, मटारउसळीत पॅटिस. अस्वल रिकामं झालं की लुझ भरून द्यायची. हात कचरायचा थांबला. वसुधाबाई रोज त्या आमटीचा नैवेद्य कपाटातल्या बाळकृष्णाला दाखवायच्या आणि मग स्वतः दोन वाट्या घ्यायच्या. सांगलीला फोन करून त्यांनी मुलीला सांगितलं, "सुहासिनीच्या हाताला चव आलीय." मिनिटामिनिटाला पैसे पडत होते, तरी दोनदा सांगितलं. आणि एका रविवारी तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र घरी आले असताना त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं: "यंदा गणपतीच्या जेवणाची आमटी आमच्याकडून. आमची सून करेल."

हेमचंद्र आठवडाभर हृदयाचे डॉक्टर आणि गणपतीत गुरुजी असत. त्यांनी लगेच मान डोलावली. मंडळाची आमटी आजवर त्यांची बायको मृणालिनी करायची. तिनंही मान डोलावली, पण जरा उशिरानं.

गणपतीचं जेवण रविवारी होतं. आदल्या शनिवारी लुझच्या चर्चच्या हॉलमध्ये नवीन आलेल्या फिलिपिनो कुटुंबांसाठी स्वयंपाकघरातल्या सुरक्षिततेवर लुझचं भाषण ठेवलेलं. "सुसी, तू ये," लुझ म्हणाली होती, "आणि तुझी सगळ्यात सुंदर साडी नेसून ये." सुहासिनीला वाटलं, पाहुणी म्हणून बोलावलंय. दोन शब्द बोलावे लागतील म्हणून तिनं गाडीत भारतीय आहारावर चार वाक्यं जुळवलीसुद्धा. अबोली रंगाची नायलॉनची साडी, हातभर पदर सोडलेला.

हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या होत्या. नर्सा, त्यांचे नवरे, नातवंडांना मांडीवर घेतलेल्या आज्या. लुझनं सुहासिनीला टेबलामागे उभं केलं, सगळ्यांशी ओळख करून दिली, आणि मग तिचा पदर दोन बोटांत उचलून धरला.

"बघा," लुझ म्हणाली. "शेगडीपुढे काय घालू नये!"

टाळ्या पडल्या. सुहासिनीची चार वाक्यं घशातच राहिली. नायलॉन नुसतं पेटत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं, हे लुझ तिच्या पदराकडे बोट दाखवून समजावत होती आणि पुढच्या रांगेतल्या आज्या हळहळून मान हलवत होत्या. सुहासिनी कसनुसं हसत उभी राहिली. मग मासे तळण्याआधी टिपायचे कसे, दांडे आत कसे वळवायचे, तेल पेटलं तर झाकण कसं सरकवायचं, हे सगळं झालं. आणि मग लुझनं टेबलावर एक काचेची बाटली ठेवली. आत तेच तपकिरी पाणी.

"आणि पातिस! अपार्टमेंटमध्ये खिडक्या बंद करून पातिस उकळवू नका. माझ्या बहिणीनं उकळवलं तर खालच्या मजल्यावरच्यांनी पोलिसांना फोन केला. कुणीतरी मरून पडलंय म्हणाले! अहो, मासे मिठात घालून पिंपात वर्षभर कुजवलेलं पाणी ते, वास येणारच."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. सुहासिनीचा पदर अजून लुझच्या हातात होता.

"फिश?" सुहासिनी म्हणाली. "लुझ, तू म्हणालीस, नो मीट!"

"नो मीट," लुझ म्हणाली. "फिश इज नॉट मीट. गुड फ्रायडेला मीट चालत नाही, मासे चालतात. का गं? तुला काय वाटलं होतं?"

"पोटॅटो," सुहासिनी म्हणाली.

लुझला यातलं काही कळलं नाही. कळणार तरी कसं? तिच्या बाजूनं ती शब्दशः खरं बोलली होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि तरी सांगलीच्या वसुधाबाई उन्हाळाभर मासे जेवल्या होत्या.

गाडी चालवताना सुहासिनीला खरं म्हणजे धर्म बुडाल्याचं दुःख व्हायला हवं होतं. स्वतःच्याही पोटात तेच गेलं होतं. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता ते "छान झालीय" परत जाणार. त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तीच गोष्ट मनात राहिली.

घरी आल्यावर तिनं अस्वल सिंकमध्ये उलटं केलं. देवापुढच्या आमटीत ते घालण्याची तिची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी, मंडळाचा गणपती ज्या शाळेत बसायचा तिथल्या किचनमध्ये भल्यामोठ्या पातेल्यात तिनं आमटी केली, आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेली तूरडाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला आणि मीठ घालून. साधं मीठ. तिच्या पिढीतली ती सगळ्यात प्रामाणिक आमटी असेल.

तिला कशाचीच चव नव्हती. पंगतीत लोकांनी भाताला लावली, वरून लोणचं घेतलं, ताक मागितलं. श्रीरंग नेहमीसारखा मुकाट जेवला. हेमचंद्र म्हणाले, "सात्त्विक आहे." मृणालिनीनं चमचा वाटीत फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाली, "हेल्दी आहे हो आमटी. हार्ट पेशंट्ससाठी एकदम परफेक्ट."

दोघीतिघी हसल्या. सुहासिनी वाढायचं भांडं घेऊन मान खाली घालून उभी होती. आणि तेवढ्यात वसुधाबाई बोलल्या.

"दीडशे माणसांची आमटी आहे ही," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या पातेल्यात कुणाचाही अंदाज चुकतो. माझ्या सुनेच्या हाताला काय चव आहे ते घरी येऊन बघा. पुढच्या रविवारी सगळी कमिटी आमच्याकडे जेवायला. मृणालिनी, तूही ये हो."

नऊ वर्षांत सासूबाई पहिल्यांदा तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या, त्याही चारचौघांत, त्याही मृणालिनीविरुद्ध. सुहासिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी श्रीरंग विनीताला घेऊन मंडळाच्या खुर्च्या परत करायला गेला, तेव्हा तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. लुझ, अस्वल, पॅटिस, पिंप, मासे, काही राखून ठेवलं नाही. वसुधाबाई जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या आणि बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ पाणी वाहत होतं. मग बाळकृष्णाच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, पुटपुटणं ऐकू आलं. सुहासिनी ओट्याला टेकून उभी होती. त्या परतीचं तिकीट काढायला सांगतील, सांगलीला कळेल, श्रीरंग काय म्हणेल, असं सगळं तिच्या डोक्यात घोंगावत होतं.

वसुधाबाई ओले केस पुसत बाहेर आल्या. सुहासिनीनं बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, रागही नव्हता. चेहरा चक्क मोकळा झालेला होता.

"तरीच!" त्या म्हणाल्या.

"आई?"

"तरीच म्हटलं! म्हणजे तुझ्या हाताला चव नाहीच. मी आपली गेले दोन महिने स्वतःला खात होते, की नऊ वर्षं आपण या पोरीबद्दल चुकीचं मत धरून बसलो. रात्र-रात्र झोप नव्हती मला. देवाला रोज म्हणत होते, माझ्याकडून अन्याय झाला." त्यांनी टॉवेल झटकला. "नाही झाला."

माशांचं पाप बाळकृष्णानं बहुधा समजून घेतलं असावं. त्यापेक्षा आपलं मत खरं निघाल्याचा आनंद मोठा होता. सुहासिनीला हसावं की रडावं कळेना. उन्हाळाभर जपलेले ते दोन शब्द गेलेच, आणि वर त्यांच्यासोबत पहिला निकाल शिक्कामोर्तब होऊन परत आला. तिला इतकं लागलं की ती म्हणाली, "मग रविवारचं कॅन्सल करते. फोन करते सगळ्यांना."

"काही नको. शब्द दिलाय मी." वसुधाबाई खाली बसल्या. त्यांची अडचण त्यांना आत्ता दिसली असावी, कारण बराच वेळ त्या टॉवेलची दशी ओढत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आमटी मी करेन. तू बाहेर बस. म्हणायचं, तूच केलीस."

"अहो पण तुम्ही तर माझ्या ओट्याला..."

"तत्त्व गेलं खड्ड्यात. त्या मृणालिनीपुढे मी खोटी नाही पडणार."

पुढच्या रविवारी कमिटी जमली. सुहासिनी दिवाणखान्यात पाहुण्यांबरोबर बसली आणि वसुधाबाई स्वयंपाकघराचं दार लोटून आत. मृणालिनी आल्या आल्या बाही सारून उठली. "मी मदत करते ना आत."

"नको, नको," सुहासिनी म्हणाली. "आईंचं सोवळं आहे. नैवेद्याचं करताहेत त्या. आमटी मी सकाळीच करून ठेवलीय."

न्यू जर्सीत सोवळं ऐकून सगळे एकदम आदरानं गप्प झाले. हेमचंद्रांनी तर पाय जवळ घेतले. आणि तेवढ्यात आतून फोडणीचा चर्र आवाज आला, पाठोपाठ अलार्म किंचाळला.

"पापड," सुहासिनी म्हणाली. "पापड भाजताहेत."

मागचं दार धाडकन उघडल्याचं ऐकू आलं. लुझ! हातात झाकण असणारच. अलार्म थांबला, खिडकी उघडली, आणि मग सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातून लुझचा आवाज दिवाणखान्यापर्यंत स्वच्छ आला: "मामा, व्हेरी गुड! बट दिस नीड्स पातिस!" त्यावर वसुधाबाईंचा त्याहून मोठा आवाज: "नको! नको गं बाई! नो पॅटिस!"

हेमचंद्र खुर्चीत पुढे सरकले. "अरे वा, पॅटिस पण आहेत का?"

"नाहीत," सुहासिनी म्हणाली. "संपले."

जेवण सुरू झालं. पहिल्या घासाला बोलणं थांबलं. गोष्टीत असंच लिहितात हे मला माहीत आहे, पण खरंच थांबलं. त्या आमटीपुढे अस्वलातलं पाणी म्हणजे पाणीच होतं. हेमचंद्रांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "सुहासिनी," ते म्हणाले, "माझी आई गेल्यापासून अशी आमटी मी खाल्ली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं बघ." मृणालिनी भात कालवता कालवता म्हणाली, "मागच्या रविवारचं मनावर घेऊ नकोस हं. फोडणीत काय घातलंस ते मला लिहून दे." मग ती वसुधाबाईंकडे वळली. त्या पळी घेऊन दाराशी उभ्या होत्या. "काकू, तुम्ही काहीच बोलत नाही? एवढी गुणाची सून मिळालीय तुम्हाला!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. वसुधाबाईंनी पळी या हातातून त्या हातात घेतली.

"हो," त्या म्हणाल्या. "फार छान करते ती. हाताला चवच आहे तिच्या."

हेच वाक्य, सगळ्यांसमक्ष, सासूबाईंच्या तोंडून. सुहासिनीनं नऊ वर्षं वाट बघितली ती याचीच. आणि आता ते भाड्याच्या दागिन्यांसारखं अंगावर टोचत होतं. तिनं मान वर करून सासूबाईंकडे बघितलं, तर त्या हेमचंद्रांच्या रिकाम्या वाटीकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुहासिनीनं ताबडतोब ओळखलं. रोज आरशात बघितलेलं होतं तिनं ते.

पाहुणे गेले. श्रीरंग त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. वसुधाबाई ओट्याशी रिकामं पातेलं घासत उभ्या होत्या. सुहासिनी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "आमटी फार सुंदर झाली होती."

वसुधाबाईंचा हात थांबला. सासरे पेपर वाचत जेवायचे. मुलगे शाळेला उशीर झाला म्हणत जेवायचे. मुली लग्न होऊन गेल्या. चाळीस वर्षं सांगलीच्या त्या घरात रोज दोन वेळा आमटी झाली आणि ती छान झाली होती हे कुणी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, कारण ती नेहमीच छान व्हायची. सुहासिनीला हे कुणी सांगितलं नाही. तो थांबलेला हात बघून तिला कळलं.

"काहीतरीच," वसुधाबाई म्हणाल्या आणि पातेलं पुन्हा घासायला लागल्या. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते डॉक्टर नक्की काय म्हणाले गं?"

"तुम्ही होतात ना तिथं. ऐकलंत की."

"तुझ्याशी बोलत होते ते. मी कशाला कान देऊ?" वसुधाबाईंनी नळ बंद केला. "परत सांग बरं."

सुहासिनीनं परत सांगितलं. हेमचंद्र म्हणाले होते त्यापेक्षा जरा वाढवूनच सांगितलं.